साठ किलोंच्या आत

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीतले बबनराव कधी कुणाला "कसं काय?" असं विचारत नसत. समोरच्याचा दंड धरायचे आणि वजन सांगायचे. मला म्हणाले, "साहेब, एकोणऐंशी. त्यातलं नऊ किलो फुकट." मी घरी काट्यावर उभा राहिलो. अठ्ठ्याहत्तर भरलं. तसं कळवलं, तर म्हणाले, "काटा दुरुस्तीला टाका."

बबनराव मार्केटमध्ये हमालांच्या टोळीचे मुकादम, मूळचे साताऱ्याकडचे. संध्याकाळी पोरांना कबड्डी शिकवत. "वजन पायात पायजे, पोटात न्हाय," हे दिवसातून दहादा. लग्नाच्या पंगतीत खेळाडूच्या पानातली जिलेबी उचलून स्वतः खायचे.

आई-बाप नसलेला त्यांचा भाचा सदा त्यांच्याकडेच वाढला. चढाईत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. महाप्याच्या एका कारखान्याने सांगितलं होतं, साठ किलोंच्या आतल्या स्पर्धेत चमकला तर संघात घेऊ. म्हणजे कायमची नोकरी. आणि सदा भरला त्रेसष्ट.

चार दिवस बबनरावांनी त्याला दोन स्वेटर घालून भर उन्हात पळवलं. आधी जेवण बंद, मग पाणीही. जिन्यात सदाचे फुटलेले ओठ पाहून माझ्या बायकोने तांब्या पुढे केला.

"वहिनी, पोराचं वाटोळं करताय व्हय?" म्हणत बबनरावांनी तो कुंडीत ओतला.

सदा हसला. "ऱ्हाऊ द्या, काकू. मामा बरोबर हाय."

वजन साठाच्या आत आलं. सामन्याला मी होतो. पहिल्या चढाईत सदाने एक गडी टिपला. दुसऱ्या चढाईत दम टिकला, पण पाय उचलेनात. तिघांनी धरून पाडला आणि गुडघा उलटा वळला.

डॉक्टर म्हणाले, "अंगात पाणीच नव्हतं. पाय चालणार कसे?" कारखान्याने दुसऱ्याला घेतलं.

मामा-भाच्याचं मैदान त्या दिवसापासून सुटलं. आता बबनराव सदाला पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावरून उतरत, दवाखान्यात नेत. पन्नाशीचा माणूस, दर मजल्यावर भिंतीला टेकायचा. एकदा मी पुढे झालो, "एका बाजूने मी धरतो." त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

संध्याकाळी मुद्दाम माझ्या दारात आले.

"राग मानू नका, साहेब. पाठीवर असला की खालपर्यंत कानात शिव्या घालतो मला. दुसरं कोण असलं की गप ऱ्हातो. दिवसभर मग एक शब्द न्हाय. तेवढं तरी बोलू दे त्याला."