पिंडापाशी खुनी शोधणारे काका

आमचे पुंडलिककाका कुणाच्याही दहाव्याला जायचे ते दुःख करायला नव्हे, खुनी हुडकायला. मोबाइलवर घराघरातल्या रहस्यांच्या मालिका पाहून पाहून त्यांच्या डोक्याचं पीठ झालं होतं. सौंसरमधल्या प्रत्येक घरानं काहीतरी पुरून ठेवलंय, अशी त्यांची खात्रीच.

मी साताऱ्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला. काकांनी पिठाच्या गिरणीवर ठेवून घेतलं, काकूंनी जेवू घातलं. त्यांचं मीठ खाऊन हे लिहायचं म्हणजे धाकधूक होते. पण खरं ते खरं.

"जो लय रडते ना, त्याच्यावर नजर ठेव बे," ते मला शिकवायचे. कावळा पिंडाला शिवेना की सगळे कासावीस, काका खूश. लोधीखेड्याला तर त्यांनी मयताच्या थोरल्या मुलालाच विचारलं, "बुढ्याच्या दुधात काय टाकलं होतं?" थोरला ओलं धोतर सावरत मागे लागला. बसमध्ये चढल्यावर काका धापा टाकत म्हणाले, "पाह्यलं? कसा घाबरला!"

मग काकूच गेल्या.

दहाव्याला घाटावर ही गर्दी; निम्मी मजा पाहायला. पिंड मांडला. कावळे झाडावरून हलेनात. काकांचा पुतण्या हात जोडून म्हणाला, "काकू, काकाले आम्ही सांभाळू." काही नाही. मागून कुणीतरी बोललं, "काय काका, आता कोणाले पकडता?" हशा पिकला. मी मात्र झाडाकडेच पाहत राहिलो. त्या माउलीचा जीव कशात अडकला असेल?

काका पुढे झाले, पिंडापाशी मांडी घालून बसले.

"विमल, आपली पोरगी बारशाच्या आतच गेली. नावच नाही तिले, तर रडतं कोणासाठी, म्हणून मी तुले रडू देल्लं नाही. तू चोरून तिले मंदा म्हणत होती. मी आयकत होतो. आता मी म्हणीन. मंदा. आपली मंदा."

कावळा उतरला, भात चोचीत घेतला, उडाला. सुटलो एकदाचे, असं म्हणत लोक हातपाय धुवायला नदीकडे वळले.

काका तिथंच बसून नाव घेत होते. आधी अडखळत, मग अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला हाक मारावी तसं.