पडीक पडदा आणि लाल बटण

आपलं सॉफ्टवेअर कुठल्याही पडद्यावर जागचं हलणार नाही, असं नितानं मंगरूळपीरच्या भाजीबाजारात छातीठोकपणे सांगितलं होतं. झालंही तसंच. अडते गुलाबराव यांनी लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडला, सॉफ्टवेअरची खिडकी पडदाभर केली, आणि लिलावाची सगळी बटणं थंडी वाजल्यासारखी वरच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसली. बाकी पडदा कोरा.

"काहून वं पोरी, एवढी जागा पडीक ठेवली?" गुलाबराव म्हणाले. "आमी तं वावराच्या बांधावर, धुऱ्यावरबी कोथिंबीर टाकतो."

निताचं हे पहिलंच गिऱ्हाईक. ते हातचं गेलं तर घरी पुण्याच्या नोकरीची पिरपिर पुन्हा सुरू होणार, आणि तिला गाव सोडायचं नव्हतं.

"चहा येईपर्यंत करते, काका." तिनं घाईघाईत प्रत्येक बटण खिडकीच्या चारी कडांना बांधून टाकलं. खिडकी वाढली की बटणंही वाढणार! वाढली, पण सगळी एकदम वाढली. 'रद्द करा' हे लाल बटण बाकीच्यांच्या उरावर चढून बसलं.

तेवढ्यात माल घेऊन आलेल्या शेतकरी सुंदरबाईच्या वांग्यांचा सौदा ठरला. गुलाबरावांना दिसलं ते एकच बटण. त्यांनी दाबलं. सौदा पुसला गेला, आणि पडद्यावर दिसेल तोच सौदा खरा, हा नियम गुलाबरावांनीच सकाळी दवंडी पिटल्यासारखा सांगितला होता. लिलाव पुन्हा करावा लागला. मधल्या वेळात कामरगावच्या व्यापाऱ्याची जीप आली आणि वांग्यांचा भाव चढला; सुंदरबाईला चार पैसे जास्त मिळाले, गुलाबरावांची अडतही वाढली. निताला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

रात्री घरी तिनं सगळं नीट केलं. भाव मधोमध ऐसपैस पसरला, लाल बटण खालच्या कोपऱ्यात गुमान उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी खिडकी कितीही ताणली तरी पडदा कसा भरल्या वाफ्यासारखा दिसत होता.

"ते कालचं मोठं लाल बटन कुठी गेलं?" सुंदरबाईनं विचारलं.

"मावशी, ती चूक होती. काढली."

"कायले काढली? आजच्या वांग्यांचा लिलाव अजून व्हायचाच हाये ना!"

गुलाबराव खाकरले. "आजूबाजूचे अडते मले सकाळपासून विचारून राह्यले. त्याइलेबी तुहं सॉफ्टवेअर पायजे."

निताचा चेहरा फुलला. "आजच बसवून देते, काका."

"हे नाही. कालचं."

पुणं टळलं. ती चूक जशीच्या तशी परत घालायला मात्र निताला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला.