गोपाळराव मास्तरांना कायमचे चिकटवण्याबाबत

संस्थेची थोरवी तिच्या भिंतीवरच्या फोटोंवरून ठरते, हे आता सर्वमान्य झाले आहे. काम डोळ्यांना दिसत नाही, फोटो दिसतात. या कसोटीवर आष्ट्याचे लोकोद्यम मंडळ बरेच वरच्या पायरीवर होते. मंडळाच्या सभागृहात अकरा फोटो होते. त्यांतल्या सहा जणांची नावे खाली लिहिलेली होती, चौघांची वाळवीने खाल्ली होती आणि अकरावे गृहस्थ कोण याविषयी दोन मते होती. (एका मताप्रमाणे ते आद्य देणगीदार. दुसऱ्या मताप्रमाणे ते फ्रेम विकत आणली तेव्हा फ्रेमबरोबरच आले.) हार मात्र अकराही जणांना सारख्याच लांबीचा घातला जाई.

१९७६ साली बाराव्या फोटोची वेळ आली, कारण गोपाळराव मास्तर गेले.

गोपाळकृष्ण करमरकर मंडळाच्या सुतारकामाच्या वर्गावर एकतीस वर्षे शिकवत होते. चारशेच्या वर मुले त्यांच्या हाताखालून गेली. बरीचशी पुढे उसाकडे वळली, काही पलटणीत गेली आणि जी थोडी सुतारकामात राहिली त्यांची टेबले वाळवा तालुक्यात अजून चारही पायांवर उभी आहेत. मास्तरांत दोष एकच होता, तो म्हणजे त्यांना घाई येत नसे. फळीवर सनमायका बसवायचा तर ते आधी दोन्ही अंगे पॉलिशपेपरने घासत, कोरड्या फडक्याने पुसत, दोन्ही अंगांना रबरी गोंद लावत आणि मग हात मागे बांधून उभे राहत. बोटाची मागची बाजू टेकवून पाहायची. गोंद बोटाला येईनासा झाला की एकदाच टेकवायचे. मंडळाने त्यांच्या हयातीत ही दिरंगाई तीन वेळा लेखी नजरेस आणून दिली होती.

त्यांची मुलगी विनोदिनी साताऱ्याच्या शाळेत शिकवत असे. आई पूर्वीच गेली होती, भावंड नव्हते. बाराव्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष नानासो, सदस्य तात्याबा आणि निवृत्त हवालदार मानसिंग असे शिष्टमंडळ घरी आले. चहा घेतला. मास्तरांसारखा माणूस पुन्हा होणे नाही, असे तिघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितले. मग नानासोंनी घसा साफ केला.

“ताई, उद्या चारला शोकसभा हाय. जिल्ह्याचं सायेब येनार हायती. फोटू लागंल.”

फोटो एकच होता. मास्तर कॅमेरा दिसला की रंधा शोधायला आत जात. सांगलीच्या एका फोटोवाल्याने १९५८ साली त्यांना वर्गातल्या टेबलापाशी बेसावध गाठले होते. कानावर पेन्सिल, मान वर आणि नुकतेच कुणीतरी काही बोलल्यासारखे अर्धे हसू. विनोदिनीने दुसरी प्रत काढण्यासाठी मागे एकदा चौकशी केली होती. फोटोवाल्याने धंदा बंद करताना काचेच्या निगेटिव्ह धुऊन कोंबड्यांच्या खुराड्याला तावदाने बसवली होती. (काच चांगली होती, असे तो म्हणाला.)

“देते,” विनोदिनी म्हणाली, “पण सभा झाली की परत हवा. आणि चिकटवायचा नाही. कागदी कोपऱ्यांत बसवा.”

“आवं, दोन तासांचा तर परश्न हाय! ओरखडा उठायचा न्हाई.”

तिने हे लिहून मागितले. नानासोंनी लिहून दिले. खाली शिक्काही मारला, कारण तात्याबा शिक्का बरोबर बाळगत.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता ती सभागृहात पोचली तेव्हा कोपऱ्यांचा विषय निकालात निघाला होता. कागदी कोपरे आष्ट्यात मिळत नव्हते आणि इस्लामपूरला पाठवलेला माणूस तिकडच्या बाजारात भेटलेल्या मेहुण्याकडे जेवायला थांबला होता. मंडळाने मग उपलब्ध चिकट पदार्थांचा आढावा घेतला. खळ लावली तर झुरळे येतात. सध्याच्या अकरा फोटोंपैकी तिघांना कान राहिले नव्हते ते त्यामुळेच. सरस शिजवला तर वासाने पाहुणे उठतात. तेवढ्यात मानसिंग हवालदारांनी पिशवीतून एक उंच पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि सगळे टेबलाभोवती गोळा झाले.

डबा त्यांच्या पुतण्याने मस्कतहून आणला होता. वरची कळ दाबली की गोंद फवाऱ्यासारखा उडतो. द्राक्षबागेवर औषध मारावे तसा, पण पंप नको आणि पाठीवर ओझे नको. डब्याच्या पाठीवर सूचना होत्या, एका बाजूला अरबी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

“ताई, तुमी शिकलेल्या. वाचा की,” मानसिंग म्हणाले.

विनोदिनीने डबा हातात घेतला आणि मराठी करून मोठ्याने वाचू लागली. डबा चांगला हलवावा. पृष्ठभाग स्वच्छ व कोरडा करावा. आजूबाजूला रद्दी पसरावी. वीतभर अंतरावरून फवारावे. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ विस्तव नसावा. तात्पुरता जोड हवा असल्यास एकाच अंगाला हलका हात मारून ओले असताना टेकवावे. मागाहून हलके सोडवता येते. कायमचा जोड हवा असल्यास दोन्ही अंगांना फवारावे, थांबावे, बोटाच्या मागच्या बाजूने पाहावे, गोंद बोटाला येईनासा झाला की

इथे ती थांबली.

“की काय?” तात्याबांनी विचारले.

“एकदाच टेकवावे,” ती म्हणाली. “नंतर हलवता येत नाही.”

मस्कतच्या डब्याला हे कुणी सांगितले, असा प्रश्न मंडळापैकी कुणाला पडला नाही. (वर्गाच्या तपासणीला मंडळ एकतीस वर्षांत दोनदा गेले होते, दोन्ही वेळा सुट्टीच्या दिवशी.) विनोदिनीने डबा खाली ठेवला आणि तात्पुरता जोड लावावा, सभा झाली की फोटो तिचा ती सोडवून घेईल, असे स्पष्ट सांगितले.

मंडळात कुजबूज झाली. नानासो जागचे उठले.

“मास्तरांस्नी तात्पुरतं चिकटवायचं?” ते म्हणाले. “एकतीस वरसं मानसानं हाडं झिजवली, आन् आमी त्येस्नी एका अंगानं गोंद लावू व्हय? गाव तोंडात श्यान घालंल की!”

“आवं, फोटू त्येंचा हाय,” झाडू मारता मारता हरणाबाई म्हणाली. ती मंडळाची झाडलोट करी आणि किल्ल्या सांभाळी. “त्येंना नगं तर नगं की.”

“हरणे, हा भावनेचा परश्न हाय. तू केर काढ.”

प्रश्न मताला टाकण्यात आला. कायमच्या जोडाच्या बाजूने सात, तात्पुरत्याच्या बाजूने कुणीच नाही. मयताच्या नातेवाइकांना मताचा अधिकार नसल्याचे घटनेच्या कलम चौदामध्ये नमूद होते. ते कलम तात्याबांनी तिला आदराने दाखवले. ती लेखी हमी पुढे करू लागली तेव्हा नानासोंनी ती हातात घेतली, वाचली आणि आपलीच सही ओळखून समाधानाने मान डोलावली. “सभा झाल्यावर परत द्यायचा म्हंजे द्यायचाच,” ते म्हणाले. “चिकटवू नये असं ह्यात कुटं हाय?” ते खरे होते. ते वाक्य चहाच्या वेळी तोंडी झाले होते.

यापुढील कामकाज शिस्तीने झाले. रद्दी पसरण्याची सूचना रद्द करावी लागली, कारण हाताशी असलेल्या एकमेव वर्तमानपत्रात साहेबांचा फोटो होता आणि त्यावर गोंद उडवणे योग्य दिसले नसते. त्यामुळे टेबलक्लॉथला गोंद लागला आणि टेबलक्लॉथवर ठेवलेला अध्यक्षांचा उजवा हात काही काळ सभेच्या मालकीचा झाला. विस्तवाच्या कलमावर तडजोड होऊन उदबत्ती व्हरांड्यात लावण्यात आली. मानसिंगांनी नव्या प्लायवूडच्या फळीला एक फवारा दिला, फोटोच्या पाठीला एक दिला. आणि मग मंडळाने वाट पाहिली.

मंडळाच्या इतिहासात जशीच्या तशी पाळली गेलेली ही पहिली सूचना. साहेबांच्या गाडीचा पत्ता नव्हता, त्यामुळे थांबण्याखेरीज कुणाला काही कामच नव्हते. पुरी दहा मिनिटे सगळे हात मागे बांधून उभे राहिले. विनोदिनीला ती उभे राहण्याची तऱ्हा ओळखीची वाटली आणि तिने खिडकीबाहेर पाहिले. बाहेर उसाची एक बैलगाडी चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत तिने पाहिले.

मानसिंगांनी बोट टेकवून पाहिले. “आला गड्या! लागत न्हाई बोटाला. धरा.”

डावी बाजू नानासोंनी धरली, उजवी तात्याबांनी. फोटो फळीपासून दोन बोटे वर होता, तोच फाटकाशी भोंगा वाजला. तात्याबांकडे हाराची जबाबदारी होती. ते जबाबदारीचे पक्के होते. त्यांनी आपली बाजू सोडली आणि धावले.

फोटो तिरका बसला.

नानासोंनी नखाने वरचा कोपरा उचकटायला सुरुवात केली. कागद बारीक आवाज करत सुटू लागला. चीर कानावरच्या पेन्सिलीच्या रोखाने निघाली.

“राहू द्या,” विनोदिनी म्हणाली.

आवाज फार मोठा नव्हता. तरी नानासोंनी हात काढून घेतला आणि फाटकाकडे निघालेले दोघे-तिघे मागे वळले.

आता प्रश्न एवढाच होता की चालत्या गाडीतून उतरल्यासारखे कललेले मास्तर साहेबांना दाखवायचे कसे. तो मानसिंगांनी सोडवला. मास्तर कलले असतील तर फळी उलट्या अंगाने कलती टांगावी. मास्तर सरळ होतील. तसे केले. मास्तर ओळंब्यात आले. फळी तेवढी शेजारच्या अकरा फ्रेमच्या रांगेत, पेंगणाऱ्या सदस्यासारखी एका खांद्यावर झुकली.

साहेबांनी हार घातला आणि एक पाऊल मागे सरले. “फळी वाकडी का हो?”

“नवी पद्धत हाय, सायेब,” नानासो म्हणाले.

साहेबांनी थोडा विचार केला. मग भाषणात मंडळाच्या आधुनिक दृष्टीचे कौतुक केले, जिल्ह्यातल्या इतर संस्थांनी धडा घ्यावा असे सांगितले आणि मास्तरांचे नाव दोनदा बरोबर आणि एकदा गोविंदराव असे घेतले. दोन मिनिटे मौन पाळण्यात आले. (मानसिंगांच्या घड्याळात अठ्ठेचाळीस सेकंद.) पुढल्याच आठवड्यात मंडळाने ठराव करून उरलेले अकरा फोटो त्याच कोनात तिरके केले. त्यामुळे सभागृहात एकरूपता आली. फक्त बाकीचे अकरा गृहस्थ फ्रेमसकट कलले आणि मास्तर तेवढे सरळ राहिले. पण तेवढ्यासाठी कुणी ठराव केला नाही.

विनोदिनीने फोटोची मागणी केली. मंडळाने विनाविलंब, म्हणजे चार महिन्यांत, उत्तर दिले. हमीपत्राप्रमाणे फोटो परत करण्यास मंडळ आजही बांधील आहे. तथापि फळी मंडळाच्या मालकीची असून फोटो तिच्यापासून वेगळा करता येत नसल्याने, मागणीदाराने फक्त फोटो न्यावा, फळी नेऊ नये. दुसरी प्रत काढण्यासाठी फोटोग्राफर आणायचा झाल्यास वार्षिक सभेची मंजुरी लागेल. (वार्षिक सभा गणसंख्येअभावी तीन वर्षे तहकूब आहे.) दरम्यान सहानुभूतीची बाब म्हणून दर गुरुवारी तीन ते पाच फोटो पाहण्याची मुभा देण्यात येत आहे. ही मुभा सर्व नागरिकांस खुली असून येणाऱ्याने नोंदवहीत सही करावी.

नोंदवही कोरी आणि जाड होती. गर्दीचा अंदाज घेऊन दोनशे पानी घेतली होती. विनोदिनी महिन्यातून एका गुरुवारी रजा टाकून सकाळच्या गाडीने येई. हरणाबाई कुलूप काढी आणि बाहेर पायरीवर बसून राही. एकदा तिने दारातून विचारले, “ताई, एवढ्या लांबनं येता. कायतरी बोलता का त्येंच्यासंगं?”

“नाही गं. नुसती बघते.”

“मग बराबर हाय,” हरणाबाई म्हणाली. “मास्तरांस्नी बी जादा बोललेलं खपत न्हवतं.”

पुढल्या वर्षअखेरीस मंडळाचा अहवाल छापून आला. त्यात ‘मास्तरांच्या दर्शनास लोटलेला जनसमुदाय’ या मथळ्याखाली सह्यांची एकूण संख्या दिली होती: अकरा. अकराही सह्या एकाच अक्षरातल्या होत्या, ही बाब छपाईच्या वेळी जागेअभावी गाळण्यात आली.

हे आष्ट्यातच होऊ शकते, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. त्यांनी गेल्या दहा वर्षांत आपण किती शोकसभांना उभे राहिलो, ते बोटांवर मोजावे आणि त्यांतल्या एखाद्याचा चेहरा पाहायला पुन्हा कधी गेलो असल्यास तारीख कळवावी. मंडळ ती पुढील अहवालात ठळक अक्षरांत छापील. ज्यांच्याकडे कळवण्यासारखे काही नाही त्यांनी संकोच करू नये. मात्र घरी स्वतःचा एकच बरा फोटो असेल, तर या आठवड्यात त्याची दुसरी प्रत काढून ठेवावी. पहिली मागायला लोक येतीलच, आणि तुमच्याविषयी फार चांगले बोलतील.