सातव्या प्रश्नाचं उत्तर

विद्यापीठातून येणाऱ्या प्राध्यापिकेला मी पाच पेले चहात खिशात घालीन, असं मी सगळ्या कारखान्याला सांगून ठेवलं होतं. देनिझलीतल्या या टॉवेलच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं चहा करत होतो. तेवढ्या काळात दोन मालक, चार व्यवस्थापक आणि एक आगविम्याचा तपासनीस मी चहावर गार केला होता. प्राध्यापिका म्हणजे काय मोठंसं!

भानगड टोल्गाने सुरू केली. टोल्गा म्हणजे मालकांचा मुलगा. इस्तंबूलहून व्यवस्थापन शिकून आला आणि लांब आरवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या देनिझलीच्या कोंबड्यासारखा आरवू लागला. "बाबा, हा चहाचा कट्टा काढून टाका. लोक तिथे गप्पा मारत उभे राहतात. कोपऱ्यात मशीन ठेवू. बटण दाबलं की चहा."

मालक मुझफ्फर साहेब म्हणाले, "प्राध्यापिकाबाई कारखान्याचा अभ्यास करायला येतायत ना? त्या काय म्हणतात बघू."

म्हणजे माझ्या दुमजली किटलीचा जीव त्या बाईंच्या हातात.

नेवीनबाई आल्या. नाजूक चष्मा, हातात कागदांचा गठ्ठा. पाचवा पेला संपल्यावर त्यांनी चमचा पेल्यावर आडवा ठेवला, म्हणजे आता बस. खिशात काही त्या गेल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना एकेक फॉर्म वाटला आणि बजावलं, "वर आपलं नाव घाला आणि एकट्याने भरा. कुणाला विचारू नका. पाकिटात घालून चिकटवा."

आमच्याकडे 'कुणाला विचारू नका' म्हटलं की माणूस आधी चहाच्या कट्ट्यावर येतो.

पहिला आला मागावर काम करणारा इद्रिस. अंगभर कापसाची लव, जणू बोळ्यात गुंडाळलेला माणूस. "हायरीमामा, हा सातवा प्रश्न बघ. 'कामात अडचण आली तर तुम्ही कुणाचा सल्ला घेता?' काय लिहू?"

"खरं ते लिही."

"खरं लिहायचं तर शिलाईच्या गुलिझारताईचं नाव लिहावं लागेल. माझी बायको पॅकिंगला आहे, मामा. साहेबांचं लिहिलं तर लोक मला चमचा म्हणतील. टोल्गाचं लिहिलं तर ते कुणी खरं मानणार नाही. कोरा सोडला तर म्हणतील, माजलाय, कुणाला विचारत नाही."

तेव्हाच माझ्या डोक्यात किटलीची वाफ शिरली. मी म्हणालो, "माझं नाव लिही. चहावाल्याचं नाव लिहिलं म्हणून आजवर कुणाची नोकरी गेलीय का?"

आणि मनात म्हणालो, फॉर्मवर पाच-सहा जणांनी 'हायरी' लिहिलं तर कट्टा वाचला.

इद्रिसने माझं नाव लिहिलं आणि मागावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. दुपारपर्यंत कट्ट्यासमोर रांग. गुलिझारताई आल्या. "मामा, मलाही तुमचंच नाव चालेल ना? इद्रिसचं लिहिलं तर त्याची बायको माझ्या झिंज्या उपटेल." रंगाईवाले आले. पहारेकरी आला. माझी अक्षरओळख पन्नाशीतली, पण त्या दिवशी 'हायरी' हे नाव कुणी चुकवलेलं मी खपवून घेतलं नाही.

चार वाजता स्वतः मुझफ्फर साहेब कट्ट्यावर. इकडे तिकडे बघत, पाकीट कोटाखाली लपवून.

"हायरी, मालक कुणाचा सल्ला घेतो असं लिहायचं रे? पोराचं लिहिलं तर तो डोक्यावर बसेल. नाही लिहिलं तर त्याची आई मला जेवू घालणार नाही."

"माझं लिहा, साहेब. कुणालाच राग येणार नाही."

साहेब गेले. मग टोल्गा आला! "मामा, बाबांचं नाव लिहिलं तर मी बाबांच्या मुठीतला वाटेन."

त्यालाही तेच औषध दिलं.

शेवटी मी माझा फॉर्म भरला. स्वतःचं नाव कसं लिहिणार? लाज असते माणसाला. मीठ ज्यांचं खाल्लं त्यांचं नाव लिहिलं, मुझफ्फर साहेब.

महिन्याने नेवीनबाईंनी जेवणघरात सगळ्यांना जमवलं आणि भिंतीवर चित्र दाखवलं. सगळीकडे बारीक ठिपके आणि मधोमध कलिंगडाएवढा एक ठिपका. सगळ्या रेघा त्याच्याकडे.

बाईंनी चष्मा सारखा केला. "बावीस वर्षं मी कारखान्यांचा अभ्यास करतेय. असं कुठे पाहिलं नाही. एकशे बारा माणसं, त्यातली एकशे अकरा एकाच माणसाचा सल्ला घेतात. हायरीबाबांचा."

सगळा कारखाना आपापल्या बुटांकडे बघू लागला. खरं काय ते प्रत्येकाला ठाऊक, पण 'मी विचारून लिहिलं' हे सांगणार कोण? साहेब तर छताकडे बघत होते.

"आणि मालकांकडे जाणारी एकच रेघ आहे," बाई म्हणाल्या. "तीही हायरीबाबांचीच."

साहेबांची नजर छतावरून खाली आली. डोळे पाण्याने भरले. "एवढ्या माणसांत एकच माझा," असं म्हणत त्यांनी मला मिठी मारली. माझ्या हातातलं तबक त्यांच्या पाठीमागे हेलकावे खात राहिलं.

टोल्गा टुणकन उठला. "बाबा, असा माणूस पेले विसळत बसतो, ही आपल्याला लाज आहे. त्यांना खोली द्या!"

टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, बावळटासारख्या.

सोमवारी मला काचेची खोली मिळाली. दारावर पितळी पाटी, 'सल्लागार'. आणि माझ्या कट्ट्याच्या जागी मशीन. त्याचा चहा कागदी पेल्यात पडतो आणि धुतलेल्या टॉवेलच्या पाण्यासारखा लागतो. चहाशिवाय सल्ला विचारायला काचेच्या खोलीत कोण येतो? वर्षभरात एकजण आला, तो काच पुसायला.

मी मात्र रोज चार वाजता समोरच्या रंगाईच्या कारखान्यात जातो. तिथे फेहमी म्हणून चहावाला आहे. चहा बरा करतो, माझ्याइतका नाही. बहुतेक वेळा इद्रिस आणि गुलिझारताई तिथल्या स्टुलांवर आधीच बसलेले असतात, एकमेकांकडे पाठ करून.

परवा नेवीनबाईंनी पुन्हा फॉर्म पाठवले. मी सातवा प्रश्न भरत होतो, तोच दार किलकिलं झालं. कोटाखाली पाकीट लपवलेले मुझफ्फर साहेब.

"हायरी, सातव्यात काय लिहिलंस?"

"समोरचा फेहमी."

"बरं झालं बाबा," साहेब म्हणाले. "मीही तेच लिहितो."