चौदा विरुद्ध शून्य

गारखेड्यातल्या त्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना कोणता कंपायलर द्यायचा, यावरून पंधरा दिवस रण माजलं होतं. कंपायलर म्हणजे पोरांनी लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राच्या गळी उतरवणारं सॉफ्टवेअर. विभागप्रमुख काकासाहेबांना निळ्या पडद्याचा जुनाच हवा होता. तो त्यांनी घराण्याच्या इभ्रतीसारखा धरून ठेवला होता. सुकेशनी मॅडमना नवा हवा होता. पण त्या पडल्या कंत्राटावरच्या. हट्ट धरला तर पुढच्या वर्षी नोकरी राहील का, ही धाकधूक होतीच. तरी पोरं चुकीचं शिकताना त्यांना बघवेना.

शेवटी प्राचार्यांनी सामना लावला. वर्गाच्या गुणांची सरासरी काढणारा, काकासाहेब वीस वर्षं उतरवून देत आलेला प्रोग्राम दोन्हींवर चालवायचा.

जुन्याने एकही चूक दाखवली नाही. नव्याने लाल अक्षरांत चौदा दाखवल्या.

"बघा! चौदा अन् शून्य," काकासाहेब मिशीत हसले. "आता काय बोलायचं ऱ्हायलं?"

"पण सर, जुन्यानं वर्गाची सरासरी उणे चारशे काढली ना," सुकेशनी मॅडम पुटपुटल्या.

"मग? यंदाची पोरं तशीच हायेत!"

प्राचार्यांनीही मान डोलावली. तेवढ्यात चहा घेऊन आलेले शिपाई मल्हारराव थबकले. पिशोरला त्यांच्या घरी शंभर मेंढरं.

"साहेब, लहान तोंडी मोठा घास. माझ्याकडं दोन कुत्री हायेत. एक लई गरीब, भुंकतच नाय. त्याच्यासमोरून लांडग्यानं दोन कोकरं नेली. दुसरं मात्र पान हाललं तरी भुंकतं. मेंढरं म्या त्याच्याच भरवशावर सोडतो."

प्राचार्य ताडकन उठले. "नवाच पक्का! डोळे उघडले तुम्ही, मल्हारराव!"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली : 'नव्या कंपायलरचा पुरेपूर लाभ घ्यावा. प्रत्येक प्रोग्राममध्ये किमान दहा चुका दाखवाव्यात. कमी आढळल्यास प्रात्यक्षिकाचे गुण मिळणार नाहीत. अंमलबजावणी : सुकेशनी मॅडम. त्यांचे कंत्राट तीन वर्षांनी वाढवण्यात आले आहे.'

दुपारी सत्यशीला नावाची मुलगी संगणकासमोर मुसमुसत बसली होती.

"काय झालं गं?"

"सकाळपासून करून ऱ्हायले मॅडम, पण एकबी चूक येईना! सेमीकोलनचा एकेक अर्धविराम जागेवर हाय!"

सुकेशनी मॅडमनी एकदा दाराकडे पाहिलं, मग खुर्ची जवळ ओढली.

"रडू नको. तिसऱ्या ओळीतला सेमीकोलन काढ बघू."