रॉम्पर, मध्यम वाकडा

हे मी लिहिणारच नव्हतो. मिनोवा इथे जपानमध्ये आमच्याच पाळणाघरातला एक बाप. भला माणूस. आणि जे घडलं ते सगळं इतकं नियमाला धरून घडलं की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटेना. पण आता सुरुवात केलीच आहे, तर सांगतो.

जूनमध्ये पाळणाघराची सूचना आली. उन्हाळी उत्सवात पिल्लू वर्गातल्या प्रत्येक बाळाने आईच्या हातचा रॉम्पर, म्हणजे सदरा-चड्डी एकसंध असलेलं झबलं, घालून नाचायचं. प्रेम हे बोटांतून कापडात उतरतं, असं कारण दिलं होतं. ज्याचा रॉम्पर हातचा नसेल ते बाळ मांडवाखाली बसून बघेल. पालकांना वाईट वाटू नये म्हणून त्या जागेला 'विशेष आसन' म्हणण्यात येईल. शिवाय प्रत्येक घराची कल्पकता खुलून यावी म्हणून पॅटर्न एकच ठरवला होता, स्टेशनजवळच्या दुकानात मिळणारा. कापडही एकच, निळी दुपदरी मलमल. बटणंसुद्धा तीच.

मिनोवा तेव्हा बाळासाठीच्या रजेवर घरी होता. बायको चिफुयु कामाला जायची. बापाचा हात चालेल का, असं त्याने मुख्य बाईंना, म्हणजे सुगानुमाबाईंना विचारलं. बाईंनी वरती विचारलं आणि कळवलं की यंदापुरता बापाचा हात हा आईचा हात म्हणून ग्राह्य धरला जाईल.

मिनोवाला हवं होतं ते एवढंच. त्याची लेक इतोहा अजून चालत नव्हती, पण कुठे ढोल वाजला की ती खुर्चीला धरून उभी राहायची आणि गुडघे वाकवून नाचायची. ढोल वाजत असताना तिला विशेष आसनावर बसवायचं, ही कल्पनाच त्याला सहन होईना.

आयुष्यात त्याने साधं बटणही लावलं नव्हतं. पॅटर्न पसरला, रेघेवर कात्री चालवली, मशीनवर शिवून मोकळा झाला. इकडच्या पॅटर्नमध्ये शिवणीसाठी जादा कापडाची माया धरलेली नसते, ती आपण रेघेबाहेर सोडायची असते, हे त्याला माहीत नव्हतं. रॉम्पर इतोहाच्या मांडीतच अडकला. शेवटी तो तिच्या कापडी देवमाशाला घातला.

चिफुयु घरी आली, तिने बघितलं. "छान बसलाय," ती म्हणाली. "देवमासा कुठल्या वर्गात आहे?"

मग मिनोवा हट्टाला पेटला. व्हिडिओ बघितले, शिवलं, उसवलं, इस्त्री केली, परत शिवलं. बाळ झोपलं की मशीन, उठलं की डायपर. दुसरा रॉम्पर असा झाला की चिफुयुने तो उलटा करून बघितला आणि तिला टोमणा सुचला नाही.

सुगानुमाबाईंनीही तो उलटा करून बघितला. डॉक्टर रिपोर्ट बघतात तसा.

"मिनोवासान, फारच छान झालाय."

तो कमरेत वाकून आभार मानायला लागला.

"म्हणूनच अडचण आहे," बाई म्हणाल्या.

अडचण अशी होती. प्रेमात घाई असते, घाईत शिवण वाकडी जाते. यात वाकडं काही नाही, तेव्हा हा विकतचा असण्याची दाट शक्यता. प्रकरण 'हातचेपणा खातरजमा उपसमिती'कडे गेलं. उपसमितीत तीन आया होत्या. मिनोवा म्हणाला, तुमच्यासमोर शिवून दाखवतो. त्यांनी विचार करून सांगितलं की साक्षीदारांपुढे केलेलं प्रेम हे प्रदर्शन होतं. मग त्याने पुरावा म्हणून देवमाशाचा रॉम्पर आणला. तो हातचाच आहे हे उपसमितीने एकमताने मान्य केलं. म्हणजे तुम्हाला शिवता येत नाही हे सिद्ध झालं, असं म्हणून दुसऱ्यावरचा संशय पक्का केला.

इसोबे हा त्याचा दोस्त, रेन्तोचा बाप. पाळणाघराबाहेर थंड चहाच्या मशीनपाशी त्याने मिनोवाला गाठलं. आत दोरीवर मंजूर झालेले रॉम्पर टांगले होते, ते त्याने दाखवले. सगळ्यांची कॉलर डावीकडे कललेली. एकाच जागी, एकाच मापाने.

"येड्या, विकत घे," इसोबे म्हणाला.

"विकतचं चालत नाही ना."

"विकतचं नाही रे. हातचं विकत घे."

त्याने फोनवर दुकान उघडून दाखवलं. सौम्य वाकडा, मध्यम वाकडा, आणि सगळ्यात महाग 'थकलेली आई', ज्याच्यावर सुई टोचल्याचा एक फिकट लाल ठिपका असतो. हा शेवटचा प्रकार उपसमितीच्या अध्यक्षीणबाईंनी घेतला होता म्हणे.

मिनोवाने त्याला चार शब्द सुनावले. तत्त्व वगैरे. घरी आला तर शेजारच्या देवळात ढोलाची तालीम चालू होती, आणि इतोहा खुर्चीला धरून गुडघे वाकवत होती. त्याने मध्यम वाकडा मागवला.

तो बघून सुगानुमाबाईंचे डोळे भरून आले. "बघा, आता कसा हात दिसतोय," असं त्या सगळ्यांना सांगत फिरल्या. उत्सवात इतोहा बाईंचं बोट धरून ढोल थांबेपर्यंत नाचली, नंतरही नाचली.

तुम्ही हसत असाल. हसा. फक्त मागच्या दिवाळीतला 'घरगुती' चकल्यांचा पुडा आठवा, आणि डब्यात ओतल्यावर पाहुण्यांना तुम्ही कुणाचा हात सांगितलात, तेही.

नाच संपल्यावर दोन्ही बाप डायपर बदलायला गेले. पुरुषांच्या टॉयलेटमध्ये बाळ ठेवायला फळी नसते, म्हणून सामानाच्या खोलीमागे चटई टाकली. रेन्तोच्या मानेवर आणि मांड्यांवर, जिथे जिथे शिवण वाकडी होती तिथे, लाल वळ उठले होते. पोरगं रडून रडून दमलं होतं. मिनोवाने इतोहाची बटणं काढली. आत दुसरा रॉम्पर होता. सरळ शिवणीचा, नाकारलेला.

इसोबे त्या शिवणीवरून बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"उकडतं तिला थोडं," मिनोवा म्हणाला. "पण टोचत नाही."

इसोबेने कोपऱ्यापर्यंत जाऊन कुणी येत नाही ना ते बघितलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मला शिकवशील?"

मिनोवा म्हणाला, शिकवीन. रविवारी ये. पडदे ओढून बसू, मशीनचा आवाज कुणी ऐकला तर मिक्सर आहे म्हणू.

"आणि कुणाला कळलंच तर?"

"शब्द देतो तुला," मिनोवा म्हणाला. "वाटेल त्याच्यासमोर शपथेवर सांगेन, विकतचा आहे."