गंगाधररावांची न हलणारी लेन्स

गंगाधररावांनी भर मांडवात नवरदेवाच्या थोबाडीत मारली तेव्हा मी तिथं होतो. अक्षता पडल्या होत्या, हार घालायची वेळ आली होती, आणि मित्रांनी काहीतरी म्हटलं म्हणून नवरदेव हसला. हसला म्हणजे हलला. वरपक्षाची माणसं काठ्या शोधायला धावली, पण गंगाधरराव कॅमेरा डोळ्याला लावून तिथंच उभे. "आता धरा हार," ते म्हणाले, "आन् हालू नका." नवरदेवानं मुकाट्यानं हार धरला. तो फोटो मी पुढं पाहिला. नवरदेवाचा एक गाल दुसऱ्यापेक्षा काळसर आलाय, पण फोटो हललेला नाही.

आमच्या मानवतच्या कुठल्याही जुन्या घरात जा, भिंतीवरचे वाडवडील तुमच्याकडे डोळे वटारून बघतात. पोरांना वाटतं, काय करारी माणसं होती. करारी कसली! समोर गंगाधरराव उभे होते. बारशाच्या तान्ह्या पोराला ते दरडावायचे, पापणी लवली म्हणून तहसीलदारांना त्यांनी दुकानातून घालवलं होतं. "दुनियेचं अर्धं वाटोळं हालण्यानं झालंय," हा त्यांचा सिद्धांत. पूर्वी मयताचा फोटो काढायची रीत होती, तेव्हा एका सावकाराला अंगणात बसवून त्यांनी फोटो काढला होता. त्याच्याविषयी ते फार आदरानं बोलत. लय गुणाचं गिऱ्हाईक, म्हणत.

मी हायस्कूलात शास्त्र शिकवायचो. त्यांचं दुकान आणि माझं घर यांत भिंत एकच. त्यांचं ओरडणं मी इतकी वर्षं ऐकलं की माझी बायको सकाळी देवाला हळद-कुंकू वाहताना 'हालू नका' ही आरोळी आली की जागच्या जागी थांबायची. मीही काही थंड डोक्याचा माणूस नव्हे. आमची भिंतीपलीकडून भिंतीअलीकडे भांडणं चालत, आणि संध्याकाळी तेच गंगाधरराव चहाला येऊन बसत.

त्यांची बायको लवकर गेली होती. मुलगी सुनंदा, एकुलती एक, दुकानातच वाढली. डी.एड. झाली, पाथरीच्या शाळेत लागली, आणि बरोबरच्या शिक्षकाशी, प्रकाशशी, परभणीला जाऊन नोंदणी पद्धतीनं लग्न करून आली. प्रकाश बौद्ध. आणि ते नामांतराचे दिवस. विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं यावरून आमच्याकडे गावंच्या गावं पेटली होती, घरं जळली होती, माणसं मारली होती. आग विझली तरी डोक्यातली धग वर्षानुवर्षं गेली नव्हती. जे लोक एरवी बांधाच्या भांडणात एकमेकांचं तोंड बघत नसत, ते सगळे चुलत, मावस आणि सख्खे या एका गोष्टीवर एक झाले. त्यांनी गंगाधररावांना देवळात नेलं आणि बेलभंडारा पुढं केला. शपथ घे, नाहीतर पंगतीला बसायचं नाही, लग्नकार्याला बोलावणं नाही.

गंगाधररावांनी बेलभंडारा उचलला. मुलीच्या दारात पाय ठेवणार नाही, तिच्याशी एक शब्द बोलणार नाही. ज्या माणसानं तहसीलदाराला भीक घातली नाही, तो चार रिकामटेकड्या चुलतभावांपुढं झुकला. मला त्या गोष्टीचा तेव्हाही राग आला होता आणि आज हे लिहितानाही येतोय. प्रकाशसारखा सालस जावई त्या भावकीतल्या एकालाही मिळालेला नाही, हे मी कुठल्याही पारावर उभा राहून सांगेन.

त्यानंतर काही वर्षांनी गंगाधररावांनी लांबच्या लेन्सचा ध्यास घेतला. लोकांना वाटलं, लग्नात स्टेजवर पाहुण्यांची झुंबड होते, म्हणून लांबून फोटो काढायचा असेल. मलाही तसंच वाटलं. पण तोवर त्यांचे हात कापायला लागले होते. ते कुणाला दिसू नये म्हणून खिशात हात घालून चालत, पण भिंत एक असलेल्या माणसापासून काय लपणार? मी त्यांना शास्त्रशिक्षकाच्या अधिकारानं समजावलं की लांबची लेन्स जसं लांबचं मोठं करून दाखवते तसंच हाताचं कापणंही मोठं करून दाखवते. कापऱ्या हाताला ती सगळ्यात वाईट. लग्नाचा धंदा आहे त्या लेन्सवर चाललाय, ही कशाला?

गंगाधरराव भडकले. "लग्न गेलं खड्ड्यात," म्हणाले. "दारात पाय ठेवणार न्हाई आन् बोलणार न्हाई, एवढंच म्हटलो मी देवळात. बघणार न्हाई आसं म्हटलो का?"

 भांडायला उभ्या राहिलेल्या माणसाला गप्प करण्याची ही काय पद्धत?

मग सुरू झाले आमचे रविवार. परभणी झालं, नांदेड झालं, औरंगाबाद झालं. प्रत्येक ठिकाणी मी 'आमचे शास्त्राचे सर' म्हणून उभा, आणि प्रत्येक ठिकाणी माझ्या शास्त्राचा अपमान. औरंगाबादच्या दुकानदारानं सरळ प्रश्न विचारला, कितीची पाहिजे, दोनशे मिलिमीटरची की तीनशेची? गंगाधरराव म्हणाले, "लिंबापासून झेंड्याच्या कट्ट्यापर्यंतची." पाथरीच्या शाळेसमोर रस्त्यापलीकडे एक कडुलिंब आहे. त्याच्याखाली उभं राहून कट्ट्याजवळचं माणूस दिसलं पाहिजे, डोळ्यातल्या काजळासकट. हे माप कुठल्याच कंपनीच्या लेन्सवर कोरलेलं नव्हतं, म्हणून ते दुकानदारावर खेकसले.

शिवाय लेन्स झूमच हवी. एकाच मापाची लांब लेन्स स्वस्तात मिळत होती, साफही दिसत होतं, पण तिच्यात नुसता चेहरा यायचा. त्यांना मुलगी वर्गातून निघाल्यापासून हवी होती. कशी चालते, थकल्यासारखी चालते का, ते आधी बघायचं, मग जागचं न हलता रिंग फिरवून तिचं तोंड जवळ आणायचं. लेन्स बदलत बसलं तर पोरगी परत वर्गात जाती, म्हणाले. हे मात्र मला पटलं, पण मी तसं बोललो नाही. त्यांना शेफारून ठेवण्यात अर्थ नव्हता.

शेवटी हैदराबाद. अबिड्सच्या बाजारात एका वयस्क दुकानदारानं आतल्या कपाटातून एक लेन्स आणली, दोन्ही हातांनी, तान्हं मूल आणावं तशी. खरी कसबी माणसाची वस्तू. अंधाऱ्या मांडवातही चालेल अशी, आणि वजनाला वरवंट्याच्या तोडीची. गंगाधररावांनी ती कॅमेऱ्याला लावली, फूटपाथवर गेले आणि चौकातल्या ट्रॅफिक पोलिसावर रोखली. पोलीस हात करून गाड्या सोडत होता. गंगाधरराव मानवतच्या आवाजात ओरडले, हालू नका. पोलिसाला मराठी कळलं नसावं, पण ओरडणं कळलं. त्याची समजूत काढता काढता माझी हिंदी संपली.

ते आत आले ते लालबुंद होऊन. लेन्स काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, ही हलती. दुकानदार लेन्सकडे बघत नव्हता. तो त्यांच्या हातांकडे बघत होता. त्यानं चहा मागवला आणि फार अदबीनं सांगितलं की जपानात असा व्हिडिओ कॅमेरा निघालाय, हात हिलता मगर तसवीर नहीं हिलती. अशी लेन्सही येणार. थोड़ा सबर करो साब, चार-पाँच साल.

गंगाधररावांनी दोन्ही हात खिशात घातले. "सबर मला हाय," म्हणाले. "हाताला न्हाई."

आणि तीच लेन्स घेतली. का, तर वजनानं हात दबून राहील. मी म्हटलं, हे शास्त्राला धरून नाही, जड वस्तूनं हात थकतो आणि जास्त कापतो. पॅसेंजर गाडीत सिकंदराबादपासून मानवत रोडपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी ती लेन्स मांडीवर घेतली होती आणि शेजारच्या बाईचं पोर तिला हात लावायला गेलं की दोघंही गुरगुरत होते, ते आणि पोर.

अर्थात ती हलत होतीच. मग त्यांनी ज्वारीचं पोतं वापरून पाहिलं, सायकलचं सीट पाहिलं, उशी पाहिली. कॅमेऱ्याची तिपाई होती, पण तिपाई लावली की कुणाचं लग्न म्हणून सगळी पाथरी गोळा होती, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांची नजर माझ्या खांद्यावर गेली. उंचीला बरोबर. त्यांनी मला परसात उभं केलं, मागं उभे राहिले, माझ्या खांद्यावर ती वरवंट्याएवढी लेन्स टेकवली आणि समोरच्या गल्लीतली शेळी बघू लागले. श्वास धरा, म्हणाले. मी धरला. तरी समाधान नाही. "सर, तुमचं काळीज लय उडायलंय. शेळी हालायलीय."

मी म्हटलं, काळीज उडतंय म्हणजे मी जिवंत आहे, तुमच्या त्या सावकारासारखा नाही. त्या दिवशी चहा झाला नाही.

तरीही एक मेला मी त्यांच्याबरोबर एसटीत बसलो. का बसलो ते विचारू नका. एक मेला झेंडावंदन होतं, पोरांचे निकाल वाटतात, सगळे शिक्षक बाहेर पटांगणात असतात. वर्षातला तो दिवस त्यांनी हेरून ठेवला होता.

लिंबाखाली आम्ही उभे राहिलो. मी पुढं, शाळेकडे तोंड करून, आणि माझ्या उजव्या खांद्यावर लेन्स. झेंडा वर गेला. पोरं ओळीत बसली. मला लांब नुसत्या साड्या दिसत होत्या, पण माझ्या कानामागून बातम्या येऊ लागल्या. चष्मा लागला तिला. हातात काचेच्या बांगड्या. पोराच्या डोक्यावर हात ठिवायलीय, नापास झालं असंल. मग रिंग फिरवल्याचा आवाज. आणि मग, "हसली."

आता, रस्त्यापलीकडून इतकी मोठी नळी रोखून दोन म्हातारे उभे आहेत, हे शाळेतल्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं. एक साडी ओळीतून निघाली आणि सरळ आमच्याकडे चालू लागली. मला वाटलं, आता गंगाधरराव पळतील. पण ते रिंग फिरवत होते. खटाखट बटण दाबत होते, रीळ पुढं सरकवत होते. ती फाटकातून बाहेर आली, रस्ता ओलांडला, तरी ते फिरवतच होते. मग ते थांबले.

"बसंना," माझ्या कानात म्हणाले. "सर, चेहरा बसंना."

लांबच्या लेन्सला फार जवळचं दिसत नाही. रिंग शेवटाला टेकली होती आणि सुनंदा हातभर अंतरावर उभी होती. तिला नुसत्या डोळ्यांनी बघायचं सोडून ते त्या काचेतून धुकं बघत होते. आणि मी मधे. खांद्यावर लेन्स असल्यामुळं मला सरकताही येईना.

तिनं माझ्या खांद्यावरून हात घातला आणि लेन्स खालून धरली. "द्या इकडं अण्णा, जड हाय," म्हणाली आणि कॅमेरा त्यांच्या हातातून काढून घेतला.

मी मागं वळलो. त्यांचे हात रिकामे, तसेच हवेत राहिले होते. आणि कापत होते. खिशात घालायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. सुनंदानं ते पाहिलं.

"कधीपासून, अण्णा?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्याकडे वळले. "सर, सांगा तिला, थंडीनं व्हायलंय."

मे महिना. पाथरी. लिंबाच्या सावलीतही माझा सदरा पाठीला चिकटलेला. इतक्या वर्षांत त्या माणसावर मी पुष्कळदा ओरडलो होतो, पण ते सगळं भांडण होतं. हा राग वेगळा होता. "मी नाही सांगणार," मी म्हटलं. "पोरगी समोर उभी आहे. तुम्हाला तोंड आहे. तुमचं तुम्ही सांगा." आणि मागं न बघता तरातरा एसटी स्टँडवर गेलो.

तिथं बसून राहिलो. मानवतची एक गाडी गेली, मग दुसरी गेली. भूक लागली, डोकं दुखायला लागलं, गंगाधररावांचा पत्ता नाही. तिसऱ्या गाडीनं मी एकटाच परत आलो आणि घरी येऊन बायकोवर विनाकारण चिडलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले. अंगावर नेहमीचा सदरा नव्हता, दुसऱ्याचा होता, बाह्यांना थोडा लांब. प्रकाशचा असणार. न विचारता खुर्चीवर बसले. बायकोनं चहा दिला. कप बशीवर खडखडत होता, थोडा सांडलाही, पण त्यांनी तो खाली ठेवला नाही.  सगळा चहा संपल्यावर म्हणाले, "भावकीतल्या कुणी इचारलं तर सांगा, मी तिच्या घरी जेवलो. पानावर बसून जेवलो. वरण जरा अळणी झालं हुतं, तेबी सांगा."

भावकीतल्या कुणी मला विचारलं नाही. मीच एकेकाच्या दारात जाऊन सांगितलं.